हट्टी गिअर

पुन्हा खर्र झालं. तिसरा गिअर काही पडेना. हायवेचा पूल चढता चढता व्हॅनचा दम गेला आणि मागच्या ट्रकवाल्याने असा हॉर्न वाजवला, की नशिराबादहून शाळेला निघालेली मागची सगळी पोरं चिडीचूप झाली. तोतारामने दुसऱ्यावरच गाडी रेटली.

गेला महिनाभर हा गिअर त्याचा जीव खात होता. गॅरेजवाल्या जीवरामने क्लचची केबल बदलली, गिअरचं ऑइल बदललं, सांध्यांना ग्रीस चोपडलं. जीवराम बसला की गिअर शहाण्यासारखा पडायचा. तोताराम बसला की रुसायचा. "म्हातारी झाली गाडी, भाऊ," जीवराम म्हणाला होता, "तिच्या कलानं घ्या."

आता आणखी किती कलानं घ्यायचं? गाडी म्हणजे लक्ष्मी, म्हणून तो चप्पल काढून अनवाणी पायांनीच ती चालवायचा. जीवराम सोडला तर स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. शेजारी बसलेली सून मयुरी पोरांच्याच शाळेत शिकवायची. माहेरी, नरडाण्याला, तिने भावाची पिकअप चालवली होती. पण सासऱ्याकडे चावी मागायची तिची काय बिशाद! तोतारामला मात्र एकच धास्ती होती. लोकांनी डोळे मिटून पोरं सोपवलेली. भररस्त्यात काही झालं तर कुठल्या तोंडाने गावात जायचं?

पूल उतरला आणि पुढचा केळीचा ट्रक एकदम थांबला. तोतारामने ब्रेक मारला, क्लच दाबला. तरी व्हॅन ट्रककडे ओढ घेतच राहिली. पोरं किंचाळली. एक जोरदार हिसका बसला आणि गाडी बंद पडली. ट्रकचा फाळका हातभर अंतरावर होता.

मग मयुरी खाली उतरली आणि त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. "आबा, तिकडे सरका. मी चालवते."

एरवी तो खेकसला असता. आज निमूट सरकला.

पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा तर आवाजही न करता पडला. तोतारामच्या जिवाला फार लागलं. एवढी वर्षं जिला जपलं, तिने सुनेसमोर असा दगा द्यावा?

थोडं पुढे मयुरीने गाडी कडेला घेतली. घाबरली की तिच्या तोंडून माहेरची बोली निघायची. "आबा, गाडीले काहीच नही शे. क्लच पुरा दाबतस ना तुम्ही?"

"पार पत्र्याले टेकवतो! तू मले शिकवती का?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिची नजर खाली गेली. "आबा, डावा पाय वर घ्या बरं."

त्याने कुरकुरत पाय मांडीवर घेतला. तळव्यात बाभळीचा काटा बुडापर्यंत रुतला होता. भोवतीचं रक्त वाळून काळं पडलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता.

तोतारामने त्यावर बोट ठेवलं. दाबलं. मग अंगठ्याने सगळा जोर लावून दाबलं, आणि पहिल्यांदाच त्याला मनापासून वाटलं, दुखायला हवं होतं.