दोन एमबीची पत्रिका

लग्नपत्रिकेची फाइल जेमतेम दोन एमबीची. मंदाकिनीबाईंना ती आपल्या मशीनवरून चार पावलांवरच्या प्रिंटिंगच्या कॉम्प्युटरवर पाठवायची होती. दुकानातल्या बाकावर नवरीचे वडील घड्याळ बघत बसले होते. पहिली पत्रिका कुलदेवीपुढे ठेवायला त्यांना तीनची एसटी गाठायची होती.

फाइल पाठवायचा प्रोग्राम सकाळीच आपणहून अपडेट झाला होता. आता त्यात गाणी, हवामान, राशिभविष्य, सगळं होतं. बाईंनी बटण दाबताच पंखा घरघरला आणि मशीन हँग झालं. त्यांनी प्रोग्रामच्या कंपनीला फोन लावला.

“मॅडम, रॅम वाढवून घ्या,” कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला.

“निरोप पोचवायला ठेवलेला माणूस बिऱ्हाड घेऊन आलाय, आणि वर मलाच घर वाढवायला सांगताय?” बाईंनी फोन ठेवला.

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि चार पावलं चालून गेल्या. गरम पत्रिका रुमालात गुंडाळून वडील स्टँडकडे धावले.

बाई परत आल्या, तर प्रोग्राम आपला आपण उघडून बसला होता. त्यांच्या राशीला लिहिलं होतं, ‘आज कामं रखडतील.’

“कोणामुळे, तेही लिही,” म्हणत बाईंनी तो मशीनमधून कायमचा काढून टाकला.