नऊच्या पुढे

डॉक्टरीणबाईंनी कागद अनसूयाबाईंपुढे सरकवला. एक, तीन, पाच, सात, नऊ आणि पुढे एक रिकामा चौकोन.

"अम्माजी, अब आगे कौन-सा नंबर आएगा? आराम से सोचिए."

फूलबागेजवळच्या त्या दवाखान्यात सकाळचं ऊन टेबलावर येऊन पसरलं होतं. मघाशी वार विचारला, तारीख विचारली, तेव्हा अनसूयाबाई अडखळल्या होत्या. हे मात्र ओळखीचं निघालं. बघता बघता आकडे कागदावर राहीनातच. एकाचा एक ठिपका झाला, त्याखाली तिनाचे तीन, मग पाच. पांढरे ठिपके उन्हात ओळ धरून बसत गेले आणि अनसूयाबाईंची चिमूट आपोआप हलू लागली. दर्पण कॉलनीतल्या घरापुढे रोज सकाळी त्या हेच तर काढत होत्या.

शेजारी त्यांचा मुलगा केदार. परीक्षा आईची, पण आकडे तोही मनात मोजत होता. गेल्या महिन्यात आई सराफा बाजारातून सवारीच्या टेम्पोत बसली ती थेट माहेरच्या गल्लीत उतरली. माहेर तिथून उठून तीस वर्षं झाली होती. तेव्हाच त्याने सांगून टाकलं होतं, डॉक्टर ठीक म्हणाल्या तर इथे राहा, नाहीतर माझ्याबरोबर गुडगावला, नवव्या मजल्यावर. अनसूयाबाईंना जायचं नव्हतं. अगदी मनापासून जायचं नव्हतं.

त्यांनी चौकोनात ठसठशीत सात लिहिले.

डॉक्टरीणबाईंचं पेन जरा थांबलं, मग त्यावर फुली मारून पुढे गेलं.

"आई, अकरा ना गं," केदार कळवळून म्हणाला. "दो-दो बढ़ रहे हैं, बघ तरी."

"अकरा कसे घेऊ?" अनसूयाबाईंना हसू आलं. "अकरा घेतले की फाटकाला लागतं. आपल्या दारापुढे मधली ओळ नऊचीच. नऊ झाले की उतरायचं. सात, पाच, तीन, एक. त्याशिवाय रांगोळी पुरी होते होय?"

अनसूयाबाईंची नजर कागदावर गेली. फुली न दिसण्याइतक्या काही त्या हरवल्या नव्हत्या. ठिपके विरून गेले, टेबलावर नुसतं ऊन राहिलं. त्यांनी त्या उन्हावरून तळवा फिरवला. मग हळूच म्हणाल्या,

"तुझ्या दारासमोर मधली ओळ कितीची बसेल रे?"

केदारने हवेत दोन्ही हात पसरून माप घेतलं.

"पाचची," तो म्हणाला. मग हात आणखी थोडे फाकवले. "चपलांचा रॅक हटवला, तर सात."