न चाखलेली बिअर

ओपनर लावताच बाटलीने फुस्स केलं आणि संजीवनीचा जीव भांड्यात पडला. गेल्या खेपेच्या बाटल्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. या वेळी बिअर ग्लासात उतरली, वर दोन बोटं फेस आला आणि तो टिकलासुद्धा. तिने ग्लास नवऱ्यापुढे ठेवला आणि पानात वाढून झाल्यावर उभी राहावी तशी शेजारी उभी राहिली.

"हे काय?" चारुदत्तने विचारलं.

"बिअर. घरी केलेली."

"कोणी केली?"

"या घरात आणखी कोण आहे?"

चारुदत्त ग्लासाकडे बघतच राहिला. तेवीस वर्षं जहाजांवर काढलेला इंजिनियर, सहजासहजी चकित होणारा माणूस नव्हे. बावीस आठवड्यांनी तो आज घरी आला होता, तोही जेमतेम दोन तासांसाठी. त्याचा टँकर इंधन भरायला बंदराबाहेर नांगर टाकून उभा होता. सहा वाजता पासिर रिस उपनगरातल्या या फ्लॅटमधून निघायचं, एमआरटीची मेट्रो पकडायची आणि साडेसातच्या लाँचने परत जहाजावर. कॉन्ट्रॅक्ट अजून तीन महिने वाढलंय, हे त्याने बूट काढता काढताच सांगून टाकलं होतं.

सुट्टीवर असला की तो रोज संध्याकाळी खाण्यापिण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरवर जायचा. जहाजावरचे जुने दोस्त, बिअरच्या दोन बाटल्या, साडेनऊला घरी, जेवण आणि झोप. संजीवनीने मनाशी साधं गणित मांडलं होतं. बिअर घरात मिळाली तर माणूस घरात बसेल.

शिकाऊ हात, म्हणून चार-चार लिटरच्या बरण्यांतच करून बघायचं ठरलं. सामान विकणाऱ्या चिनी अंकलने बजावलं, भांडी उकळत्या पाण्याने धुवा, मध्येच हात घालू नका, झाकण उघडून डोकावू नका. तिला हसूच आलं. हे तर सोवळंच की! सासूबाईंनी पंचवीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, बिअरसाठी नव्हे एवढंच. आणि आंबवणं तरी कुठे नवीन होतं? पहिली बरणी तिने इडलीच्या पिठासारखी गॅसशेजारी उबेला ठेवली. चार दिवसांनी तिला नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास यायला लागला. बिअरला गारवा लागतो, हे तेव्हा कळलं. मग बेडरूमच्या एसीत बरण्या झोपायला लागल्या आणि ती स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली. झाकणावरच्या नळीतून बुडबुडा निघाला की दाराआडून बुडुक असा आवाज यायचा. घरात आवाज करणारं दुसरं कोणी नव्हतं. आठ-दहा दिवसांनी बुडबुडे थांबायचे, म्हणजे आता बाटल्या भरायच्या. तिला तेव्हा आनंद व्हायला हवा होता, पण वाईटच वाटायचं.

चव मात्र तिने एकदाही घेतली नव्हती. "आंटी, मस्ट टेस्ट लाह," अंकल कळवळून सांगायचा. "इफ नॉट, हाऊ यू नो गुड ऑर नो गुड?" त्याला काय सांगणार? नैवेद्याचं कोणी आधी चाखतं का? मीठ अंदाजाने पडतं आणि बरोबर पडतं. चारुदत्त काही देव नव्हे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण हाताला सवय. चार खेपा तिने नुसत्या वासावर आणि फेसावर नापास केल्या आणि सिंकमध्ये ओतल्या. ही पाचवी.

"घ्या ना. फेस बसेल."

चारुदत्तने ग्लास वीतभर पुढे सरकवला. "मला नाही चालणार गं. कंपनीचा नवा नियम आहे. जहाजावर चढताना यंत्रात फुंकून दाखवावं लागतं. थेंबभर जरी सापडली तरी सरळ घरी पाठवतात."

"घरीच ना?"

तो हसला. ती हसली नाही.

"कधीपासून आहे हा नियम?"

"झाले की तीन-चार महिने. सांगायचं राहून गेलं."

फोन तर दर रविवारी येत होता. जेवलीस का, एसीवाला आला का, ठेवतो. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

"असं कर, तूच घे," तो समजुतीने म्हणाला. "घे आणि सांग कशी झालीय."

तिने ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि उभ्याउभ्याच एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"कडू आहे."

"कडूच असते." त्याने पुढे वाकून वास घेतला आणि भुवया उंचावल्या. "झकास! जमलीय तुला."

हेच ऐकायला ती पाच महिने थांबली होती. ऐकलं, आणि काहीच झालं नाही. तिने आणखी एक घोट घेतला. तोही कडूच.

"हे प्यायला रोज बाहेर जायचात तुम्ही?"

"छे! बिअरसाठी कोण जातं?" चारुदत्त मोकळेपणाने म्हणाला. "चार माणसं भेटतात, गप्पा होतात."

संजीवनीने ग्लास टेबलावर ठेवला. समोरची खुर्ची ओढली आणि तो आल्यापासून पहिल्यांदाच खाली बसली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मग मारा की गप्पा," ती म्हणाली. "अजून चाळीस मिनिटं आहेत."