पायगुण

लग्नानंतरची पहिली मॅच दोघांनी शेजारी बसून पाहिली आणि गावच्या क्लबनं सपाटून मार खाल्ला. "तुझा पायगुण, दुसरं काय!" तो हसत म्हणाला. पुढच्या मॅचला ती आत भांडी घासत होती, तर क्लब जिंकला. मग थट्टेचा नियमच होऊन बसला. मॅच लागली की ती स्वयंपाकघरात. गोल झाल्याचं तिला त्याच्या आरोळीवरून कळायचं.

आताशा दुखण्यामुळे तिला उठवत नव्हतं, म्हणून तिचा पलंग बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोरच टाकला होता. आज फायनल होती. क्लबनं गोल ठोकला तसा तो ताडकन उठला.

"अगं, बघितलंस? काय हाणला!"

ती भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून पडली होती.

"झोपलीस का?"

"नाही हो. मॅच संपली की सांगा, मग उघडते डोळे."

मॅच अजून बरीच बाकी होती. त्यानं टीव्हीच बंद केला.

"संपली गं. उघड आता."

"जिंकलो ना पण?" डोळे न उघडताच तिनं विचारलं.