सेन्योरा

स्पीकरवरचा स्पॅनिश अधिकारी मोडक्या इंग्रजीत, हळू आवाजात बोलत होता. जहाजावरून समुद्रात पडलेल्या हेमांगीच्या नवऱ्याचा मृतदेह सापडला होता. अंगठीवरून ओळख पटली होती. "सॉरी, सेन्योरा," म्हणून त्याने फोन ठेवला.

देवापुढे बसलेल्या सासूबाईंना तेवढा एकच शब्द कळला.

"सेन्योराच म्हणाला ना गो तुला?"

हेमांगीने कशीबशी मान हलवली. कुमारी ती सेन्योरिता आणि सौभाग्यवती ती सेन्योरा, हे तिनेच त्यांना शिकवलं होतं. नवरा गेलेल्या बाईलाही तिकडे सेन्योराच म्हणतात, हे सांगायला मात्र तिची जीभ रेटली नव्हती.

"म्हणजे आहे माझा लेक," म्हणत सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन उठल्या.

हेमांगीने डोळे मिटून कपाळ पुढे केलं.