पंख्याची चूल

बुद्धभूषणने स्कूटरच्या जुन्या बॅटरीला वायर जोडली आणि चुलीला पाठीमागून बसवलेला कॉम्प्युटरचा पंखा गरगर फिरायला लागला. धूर बघता बघता नाहीसा झाला. जाळ सरळ तव्याला जाऊन भिडला.

"बघा मावशी, झीरो स्मोक," असं भाकऱ्या करणाऱ्या चंपाला म्हणून त्याने पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहिलं.

गॅलरीत गोदाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. चुलीचा धूर वर गेला की त्यांना खोकला लागायचा, आणि तो खोकला खरा होता. खाली चंपाच्या पत्र्याच्या शेडसमोर त्यांचे यजमान बापूराव घड्याळ बघत उभे होते. बापूराव सोसायटीचे सेक्रेटरी आणि शेडची जागा सोसायटीची. आज रविवारी बारा वाजेपर्यंत धूर वर गेला नाही तर चूल राहील, गेला तर उद्यापासून शेड बंद, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

"डोळ्यांतून पाणी काढायला आमच्याकडे टीव्हीवरच्या मालिका आहेत," ते म्हणाले. "त्यासाठी वेगळ्या धुराची गरज नाही."

चंपाने परातीत पीठ ओढलं. तिचं घर या एका तव्यावर चालायचं. गॅस परवडत नव्हता, शेजारच्या वखारीतले लाकडाचे तुकडे परवडत होते. वारज्यात खोल्या घेऊन राहणारी कंपन्यांमधली पोरं तिच्याकडून रोज भाकरी न्यायची. नागपूरचा बुद्धभूषण त्यांतलाच एक. शेड बंद झाली तर त्याच्या नशिबी पुन्हा नूडल्स होत्या, तेव्हा त्याची विज्ञानाची तळमळ अगदीच निःस्वार्थ होती असं म्हणता येणार नाही. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन शनिवार हिंडून त्याने पंखा आणला होता आणि तेलाच्या डब्याला स्वतः भोकं पाडून ही चूल बनवली होती.

चंपाने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. मग ती फुगवायला चुलीच्या तोंडाशी निखारे ओढायला गेली, तर आत निखारा म्हणून नाही. नुसती पांढरी राख.

"इंगळ कुठं गेलं?"

"मावशी, कम्प्लीट कम्बशन झालंय. काहीच वेस्ट नाही."

"समदं जळलं व्हय? मग भाकर कशावर फुगवू? तुझ्या कॉम्प्युटरवर?"

रांगेतली पोरं हसली. भाकरी मात्र पुठ्ठ्यासारखी पडून राहिली. अशी भाकरी कोण घेणार, हे चंपालाही कळत होतं आणि पोरांनाही.

बुद्धभूषणने घाईघाईने पंखा बंद केला. निखारे धरायला लागले, पण त्याबरोबर धूरही निघाला आणि गॅलरीच्या दिशेने चालता झाला. गोदाबाई एकदा खोकल्या. बापूरावांनी मान वर केली. बुद्धभूषणने पंखा परत चालू केला.

"साडेअकरा," बापूराव म्हणाले.

चंपा गुडघ्यावर हात ठेवून चुलीत वाकून बघत राहिली. आत भोकांच्या दोन ओळी होत्या, एक तळाशी आणि एक काठाखाली.

"ही खालची भोकं कशापायी?"

"लाकडाला हवा मिळायला."

"आन् वरची?"

"धुराला. हवा मिळाली की धूर तिथेच पेटतो."

"मग लाकडाला येवढी कशाला द्यायची? धुरालाच दे की."

बुद्धभूषणही वाकून आत बघायला लागला. भोकं त्यानेच पाडली होती, पण हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. चंपाने उलथन्याने राख लोटून तळाची भोकं लिंपून टाकली, दोन-तीन तेवढी मोकळी ठेवली. नवे तुकडे घातले. पंखा चालूच होता. वारा आता वरच्या ओळीतून येऊ लागला आणि काठापाशी, जिथे धूर वर येत होता, तिथेच छोट्या ज्वाळांचं कडं पेटलं. खाली लाकूड सावकाश, लालबुंद होत गेलं.

पाच-दहा मिनिटं गेली. मग चंपाने निखारे पुढे ओढले आणि त्यांना टेकवून भाकरी उभी केली. भाकरी टम्म फुगली. बुद्धभूषणला जेवढा आनंद झाला, तेवढा हिंजवडीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

बारा वाजले. बापूरावांनी वर पाहिलं. "अगं, धूर येतोय का?"

गोदाबाईंनी मोठा श्वास घेतला. चंपाचे हात पिठातच थांबले.

"धूर नाही," वरून आवाज आला. "वास येतोय."

"कसला वास?" बापूरावांचा आवाज मीटिंगमधला झाला.

"भाकरीचा. चार घेऊन या."

बापूरावांनी घसा खाकरला आणि ते पुढे झाले.

"रांग हाय, सायेब," चंपा मान वर न करता म्हणाली.

पुढे सात पोरं होती. बापूराव सातव्याच्या मागे जाऊन उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी कळ काढली. मग मान बाहेर काढून पहिल्या पोराला म्हणाले, "अहो, पंख्याच्या वाटेतून बाजूला व्हा. चुलीला वारा मिळायला हवा."