मूळ प्रत

"आई म्हणायचं कारण नाही," दार उघडतानाच सासूबाईंनी बजावलं. "ते नातं सध्या कोर्टात आहे. बूट पुसून आत या."

जावई बूट पुसून आत आला. चार शब्द ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. फोन यांनीच केला होता, दोन वर्षांत पहिल्यांदा. निवृत्तीची पुंजी बँकेत नुसती पडून आहे, तुमच्या त्या डिजिटल नाण्यांत घालायची म्हणते, आणि मुलीला यातलं अक्षर कळता कामा नये. फोन ठेवल्यावर तो एकटाच हसला होता. हाव सुटली की माणूस शत्रूलाही जेवायला बोलावतो.

मुलगी म्हणजे त्याची बायको. घर विकून आलेले तिच्या वाट्याचे पैसे त्याने याच नाण्यांत घातले होते आणि 'बाजार कोसळला, सगळं बुडालं' असं न्यायाधीशांपुढे हात झाडून सांगितलं होतं. बुडालं काहीच नव्हतं. नाण्यांच्या पाकिटाची किल्ली असलेल्या बारा गुप्त शब्दांमागे सगळं सुखरूप होतं. ते शब्द त्याने कधी कागदावर उतरवले नव्हते. तोंडपाठ होते. फोनवर टाकायचे, बघायचे आणि पुसून टाकायचे. घराची झडती घेऊन कुणाला काय मिळणार, कपाळ!

टेबलावर लॅपटॉप होता आणि शेजारी लाल पेन्सिल व लाकडी पट्टी. बाईंनी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. खिळे गेले, ओल्या शाईचा तो वास गेला, दुपारच्या चहाला हाक मारणारे, खिळे जुळवणारे जुळारी एकेक करून गेले, छापखान्याच्या जागी मोटारींचं दुकान आलं. पट्टी तेवढी राहिली. अजूनही वाचताना त्या ती ओळीखाली धरत.

"ब्राउझरला एक एक्स्टेंशन जोडायचं," तो म्हणाला. "तेच तुमचं नाण्यांचं पाकीट." त्याने नाव शोधलं आणि सगळ्यात वरच्या ओळीवर टिचकी मारायला गेला.

"थांबा." पट्टी स्क्रीनवर आली. "या नावात एक अक्षर जास्त आहे."

खरंच होतं. चोरांनी जाहिरातीचे पैसे भरून वर चिकटवलेली नक्कल. त्याचे कान तापले. "बरोबर. म्हणून नेहमी मूळ कंपनीच्या पानावरूनच घ्यायचं असतं."

"मला शिकवू नका. मी जन्मात एकदाच न तपासता पास केलं. तुम्हाला."

खरं एक्स्टेंशन उतरलं. दोन बटणं दिसली: नवं पाकीट उघडा, किंवा जुनं पाकीट इथे आणा.

"जवळचा चष्मा आणते," म्हणत बाई आत गेल्या.

त्याला हेच हवं होतं. नवं पाकीट काढून त्याने दिलेले बाईंचे नवे शब्द चोरायचे, तर ते कुठेतरी टिपावे लागले असते, आणि टिपलेलं कधीतरी सापडतं. त्याने दुसरं बटण दाबून आपलेच बारा शब्द भराभर टाकले. आता या पाकिटात पडेल ते आपोआप त्याचं. मग एका चिठ्ठीवर सुचतील ते बारा इंग्रजी शब्द खरडले.

"हे तुमचे गुप्त शब्द," बाई परत आल्यावर त्याने चिठ्ठी पुढे केली. "नीट जपा. फोटो काढायचा नाही, कुठल्या साइटवर टाकायचे नाहीत, कुणाला दाखवायचे नाहीत. शब्द ज्याच्या हाती, पाकीट त्याचं."

"मग तुम्ही पाहिलेत ते?"

"मी काय, घरचाच."

"होतात."

त्याने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "आता पासवर्ड. तो तुमचा तुम्ही टाका, मी तोंड फिरवतो." आणि खरोखरच खिडकीकडे बघत राहिला. विश्वास असा मिळवायचा असतो.

बाईंनी एकेक कळ शोधत पासवर्ड टाकला. मग स्क्रीनवर पट्टी धरून मोठ्याने वाचू लागल्या, "'या पासवर्डने तुमचे गुप्त शब्द सेटिंगमध्ये पुन्हा पाहता येतील.'"

"हो हो, चिठ्ठी हरवली तर. हे असलं कुणी वाचत बसत नाही."

"आमचं तर पोटच त्यावर चाललं."

तो मनात म्हणाला, टीव्हीचा रिमोट उलटा धरणारी बाई सेटिंग शोधणार! त्याने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. त्याच बारा शब्दांतून हवी तेवढी खाती काढता येतात. त्याने एक कोरं खातं काढलं, आपलं भरलेलं लपवलं आणि स्क्रीन परत फिरवली.

"शून्य दिसतंय ना? उद्या नाणी विकत घेतलीत की या पत्त्यावर पाठवा. आधी थोडीशी पाठवून बघा. पोचली, की बाकीची."

"आधी तपासते," बाई चिठ्ठीखाली पट्टी सरकवत म्हणाल्या. वर बघितलंही नाही. "दार ओढून घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून त्याने फोनवर शब्द टाकले. बाईंच्या खात्यात शून्य. म्हातारी कचरली वाटतं. मग सवयीने त्याने आपलं खातं उघडलं.

तिथेही शून्य.

त्याने शब्द पुसून पुन्हा टाकले. आकडा हलला नाही. तेवढ्यात फोन हातातच वाजला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. मागे कुणीतरी हसत होतं, आणि ते हसणं त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. "रात्री पासवर्ड टाकून सेटिंग उघडलं आणि तुमची चिठ्ठी मूळ प्रतीशी ताडून पाहिली. बारा शब्दांत बारा चुका. लेकीला शेजारी बसवून सगळ्या दुरुस्त करून घेतल्या."